उबेची जागा

यांग ओक्कुमचं नाव शाळेच्या पटावर लागलं तेव्हा तिचे गुडघे कधीच कामातून गेले होते. गावात दोन-चारच मुलं उरली होती, शाळेला कुलूप लागायची वेळ आली होती, म्हणून मुख्याध्यापक घरोघर फिरले आणि लहानपणी ज्यांची शाळा राहून गेली त्या सगळ्यांना गळ घालून आले. पुरुषांनी आपल्याला सगळं येतं असं सांगून वेळ मारून नेली. बायका मात्र गेल्या. ओक्कुमच्या मुलाने इंचनहून फोन करून साठी बुद्धी नाठी वगैरे ऐकवलं, तर ती म्हणाली की नाठायला आधी बुद्धी शाळेत तरी घालायला हवी. आता ती तिसरीत होती. बाई वर्गात आल्या की टेबलाचा आधार घेत उभी राहायची, आणि तिच्या नातीच्या वयाच्या म्योंगबाई रोज सकाळी ते बघून संकोचायच्या.

तिच्या शेजारच्या बाकावर बूनिम बसायची. दोघी जुन्या गावात, बामगोलमध्ये, शेजारणी होत्या, इथं नव्या वस्तीतही शेजारणी झाल्या, आणि आता वर्गातही तेच. बूनिमची जीभ मोठी तिखट. ओक्कुमला पाढ्यात कुठे अडकायला झालं की ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "हिला किमचीत मीठ किती ते विचारा, सात आठे नका विचारू."

त्या वर्षी म्योंगबाईंनी एक नवंच खूळ काढलं. त्या शिकायला काही काळ तैवानला राहिल्या होत्या. तिथली त्यांची मैत्रीण दक्षिणेकडच्या डोंगरात, पायवान आदिवासी लोकांच्या एका गावातल्या शाळेत शिकवत होती. दोघींनी ठरवलं, की दोन्ही शाळांच्या मुलांनी मिळून टॅबच्या पडद्यावर एक गाव वसवायचं, कुठल्याच नकाशात नसलेलं. आधी नदी आणि डोंगर काढायचे, मग ज्याने त्याने आपलं घर आणायचं, झाडं आणायची, वाटलं तर आपली माणसंही आणायची. गाव सगळ्यांचं, तेव्हा कुणीही येऊन दुसऱ्याचं काही सावरावं, हलवावं, त्यात भर घालावी. पुसायचं मात्र नाही, एवढा एकच नियम होता.

पहिल्या दिवशी फजिती झाली. तिसरीतले नवे सोबती येणार एवढंच तिकडच्या मुलांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवून म्हणायचं बेडकांचं गाणं बसवलं होतं. पडदा उजळला आणि दोन खऱ्या मुलांच्या मागे तीन कुरळ्या पांढऱ्या डोक्यांची रांग दिसली, तसं गाणं मध्येच बंद पडलं. तेव्हा ओक्कुमने आमच्याकडे कुणीही भेटलं की करतात तेच केलं, एकेकाला वय विचारलं. म्योंगबाई दोन्हीकडचं बोलणं एकमेकांच्या भाषेत सांगत होत्या. सगळ्यांची वयं ऐकून झाल्यावर ती समाधानाने म्हणाली, "म्हणजे मीच थोरली. बरं, आता बोला."

पुढे बसलेली सेलेप नावाची सहावीतली मुलगी तेवढी हसली. तिने विचारलं, तुम्हाला वुवु म्हटलं तर चालेल का. त्यांच्याकडे आजीला वुवु म्हणतात आणि आजीही नातीला वुवुच म्हणते. ओक्कुमला ते पटलं. एका नावात दोघींचं भागत होतं.

आणखी एक गोष्ट तिला त्या दिवशी कळली. तिकडे घड्याळ एक तास मागे असतं. इथे दहा वाजलेले असताना सेलेपच्या डोक्यावरच्या भिंतीवर नऊच वाजले होते, आणि मुलं अजून नाश्त्याच्या सुस्तीत होती. म्योंगबाईंनी सूर्य आणि पृथ्वी काढून समजावलं, पण ओक्कुमने त्यातून आपल्यापुरता वेगळाच अर्थ घेतला. इथे जो तास सरला तो तिथे अजून शिल्लक आहे, असा. घरी जाताना लसणाच्या शेताच्या कडेने चालत ती त्याचाच विचार करत राहिली. एक तास मागे असलेली जागा आहे, तर त्याहून मागे असलेलीही कुठेतरी असणारच. तसंच मागे मागे जात राहिलं तर बामगोलमध्ये आत्ता संध्याकाळ होत असेल, चुलीत काटक्या सरकवल्या जात असतील, आणि धूर खाली उतरून ओढ्यावर बसत असेल. वाटेत बूनिम काहीतरी बडबडत होती. तिने नुसतं हूं हूं केलं.

बामगोल आता पाण्याखाली आहे. धरण झालं आणि सगळं गाव खालच्या वस्तीत आलं. गाव बुडाल्याचं दुःख ओक्कुमला होतंच, पण ते चारचौघांत बोलता येण्यासारखं होतं. जत्रेच्या दिवशी सगळे धरणाच्या कठड्याला टेकून उभे राहायचे, बोट दाखवून आपापली घरं सांगायचे, डोळे पुसायचे आणि मग जेवायला बसायचे. तिचं दुसरं एक दुःख होतं, ते कुणाला दाखवायचं नसतं.

तिची पहिली मुलगी तिथेच राहिली होती. ओट्याची कड धरून नुकतीच उभी राहायला लागलेली, गोवरात गेली. आमच्याकडे आईबापांच्या आधी गेलेल्या पोराला थडगं नसतं, त्याचं श्राद्ध नसतं, नावही पुन्हा घ्यायचं नसतं. सासऱ्यांनी तिला चटईत गुंडाळलं, लाकडं वाहायच्या चौकटीवर बांधून पाठीवर घेतलं आणि डोंगराकडे नेलं. आईला जागा सांगत नाहीत. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या पायांना लाल माती लागली होती, आणि लाल माती बामगोलमध्ये एकाच ठिकाणी होती. पुढे रानभाजी खुडायला म्हणून गेली की ओक्कुम त्या उतारावर जायची. तिथे दगडांचा एक छोटा ढीग होता. ती त्यावर एक दगड ठेवायची आणि भाजी घेऊन घरी यायची. वर्षं गेली, ढीग वाढला. तिने ठेवलेल्या दगडांच्या मानाने तो जरा जास्तच वाढला होता, पण पावसात वरून घरंगळत आले असतील, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

धरणाची माणसं आली तेव्हा त्यांनी डोंगरावरच्या प्रत्येक थडग्याच्या हिरव्या उंचवट्यात एकेक खुंटी ठोकली. खुंटी असलेली सगळी थडगी वर हलवणार होते. सासू-सासऱ्यांना खुंट्या मिळाल्या. त्या ढिगाकडे कुणी पाहिलंच नाही. दोन दिवस ओक्कुम वाट पाहत होती की कुणीतरी विचारेल, नवरा तरी बोलेल. नवरा विडी ओढत बसून राहिला. तिनेही तोंड उघडलं नाही. मग पाणी चढलं. त्यानंतर बर्फ पडला की तिला अंगाखालची, थंडीत खालून तापवलेली घराची जमीन टोचायची. आपण उबेत आहोत आणि पोर पाण्यात आहे, हा विचार नवरा गेल्यावरही, मुलगा शहरात गेल्यावरही, तसाच तिच्यासोबत राहिला.

म्हणून पडद्यावरच्या गावात तिने घर काढायला घेतलं तेव्हा ते बामगोलचंच आलं. तिच्या राठ बोटाला काच दाद देईना. पान उलटताना लावतात तशी ती बोटाला थुंकी लावायची आणि म्योंगबाई हळूच फडकं पुढे करायच्या. घर वाकडं आलं, ओटा घरापेक्षा लांब झाला, पण गामच्या झाडाला केशरी फळं लागली आणि धुराड्यातून धूरही निघाला. सेलेपने दुसऱ्या बाजूला पाथरांचं घर बांधलं. भिंती, छप्पर, जमीन, सगळं सपाट काळ्या दगडांचं. कुणी दोन्ही घरांमधून ओढा नेला, कुणी त्याच्या काठाला ज्वारीसारखं उभं पीक लावलं. इथल्या एका मुलाने डायनासोर आणून ठेवला आणि तिकडच्या कुणीतरी त्याच्या गळ्यात फुलांची माळ घातली. ओक्कुम रोज सकाळी ते गाव बघायची. रात्रीतून कुणीतरी येऊन तिच्या परसात कोंबड्या सोडलेल्या असायच्या. असं वाटायचं की आपण झोपलो तरी गाव जागं आहे.

घराच्या मागच्या उतारावर तिने सासू-सासऱ्यांचे दोन हिरवे उंचवटे काढले. मग एक दिवस त्यांच्यापासून बरंच खाली एक करडा ठिपका ठेवला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. कुणाचं लक्ष नव्हतं. हळूहळू त्यांचा ढीग झाला.

पुढच्या भेटीत प्रत्येकाने आपलं घर दाखवायचं होतं. ओक्कुमने चूल दाखवली, चुलीतली आग जमिनीखालच्या दगडांतून कशी फिरते ते सांगितलं, आणि चुलीला लागून जो कोपरा सगळ्यात जास्त तापतो, त्यावर बोट ठेवलं. ही जागा थोरांची, पाहुण्यांची. आणि घरातलं माणूस बाहेर असेल, उशिरा यायचं असेल, तर त्याच्या भाताचा वाडगा झाकण घालून, गोधडीत गुंडाळून इथेच ठेवायचा, म्हणजे ते येईपर्यंत भात गरम राहतो. नवरा धरणाच्या कामावर असताना आपण रोज ठेवायचो, असं ती म्हणाली. मुलांनी माना डोलावल्या.

मग सेलेपने विचारलं, खाली ते दगड कशाचे आहेत. म्योंगबाईंनी प्रश्न आपल्या भाषेत सांगितला. शेतातून वेचून काढलेले, एवढं म्हणायला ओक्कुमने तोंड उघडलं होतं. कोण जाणे, ती मुलगी एक तास मागे बसली होती म्हणून असेल, किंवा तिचा चेहरा इतका गोल आणि सरळ होता म्हणून असेल, शब्द वेगळेच आले.

"तिथे एक लहान पोर निजलंय," ती म्हणाली. "माझं."

म्योंगबाईंनी हळू आवाजात ते पलीकडे पोचवलं. बूनिमने खाली बघून पेन्सिलीला टोक करायला घेतलं. सेलेप त्या ठिपक्यांकडे बघत राहिली.

दोन दिवसांनी ओक्कुमने गाव उघडलं तर उतार मोकळा होता. उंचवटे जागच्या जागी होते, कोंबड्या होत्या, डायनासोरसुद्धा होता. ढीग तेवढा नव्हता. तिने उतार खालीवर सरकवून पाहिला, ओढ्याकाठी पाहिलं. मग टॅब पालथा ठेवला आणि पोटात दुखतंय असं सांगून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिला राग आला नव्हता, तेच तर वाईट होतं. तिला ते अगदी बरोबर वाटत होतं. हसत्या मुलांच्या गावात असलं अभद्र कोण ठेवून घेईल? कुणाच्या तरी आईने पाहिलं असेल, शिक्षिकेला सांगितलं असेल. आपणच जीभ आवरायला हवी होती. एकदा गप्प राहून पोर पाण्यात सोडली, आता बोलून पुन्हा घालवली. ती परसात बसून लसणाच्या जुड्या बांधत राहिली आणि बांधलेल्याच पुन्हा सोडून बांधत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बूनिम फाटक ढकलून आत आली आणि समोर उकिडवी बसली.

"पोटदुखीवर लसूण बांधतात हे मला माहीत नव्हतं."

बूनिमने एक जुडी ओढून घेतली आणि बांधायला लागली. वर न बघता ती म्हणाली, "तुला काय वाटलं, बामगोलचा तो ढीग तुझ्या एकटीने झाला?"

ओक्कुमचे हात थांबले.

"मीही जायचे भाजीला. तुझी सासू पण जायची. तिला मी दोनदा पाहिलंय. गुडघे टेकून, ओटीतून दगड आणून ठेवायची. एकमेकींना दिसलो तर भाजीचंच बोलायचो."

ओक्कुमला सासू आठवली. आयुष्यभर जिने तिच्या स्वयंपाकाला, झोपेला नावं ठेवली ती. तिला रडू यायला हवं होतं, पण आधी आश्चर्यच वाटलं. एवढी वर्षं ती एकटी नव्हती आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. बूनिम म्हणाली, "सांगणार काय? सांगायचं नसतंच ना ते," आणि नाक शिंकरून पुन्हा जुडी बांधायला लागली.

त्याच संध्याकाळी, बूनिम अजून जुड्या बांधत बसलेली असताना, म्योंगबाई टॅब घेऊन घरी आल्या. ओक्कुम सवयीने उठायला लागली तर त्यांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः ओट्याच्या कडेवर टेकल्या. पलीकडे सेलेप वाट पाहत होती. तिचे डोळे सुजलेले दिसत होते. तिने विचारलं की वुवु शाळेत का येत नाहीत, माझं काही चुकलं का.

ओक्कुमला तिच्यावर ओरडायचं नव्हतं. तिने फक्त विचारलं, "दगड कुठे गेले, वुवु?"

"घरात आहेत," सेलेप म्हणाली.

म्योंगबाईंनी तेवढंच सांगितलं, कारण त्यांनाही कळलं नव्हतं. मग सेलेप भरभर बोलत गेली आणि बाई तुकड्या तुकड्यांनी सांगत गेल्या. तिला वाटलं होतं की पोर बाहेर पावसात आहे. त्यांच्याकडे पूर्वी आपल्या माणसाला बाहेर ठेवत नसत. गेलेलं माणूस घरातच, जमिनीच्या पाथरांखाली निजायचं, आणि बाकीचे वर जेवायचे, झोपायचे. वरच्या डोंगरातलं त्यांचं जुनं गाव आता ओस आहे, वादळानंतर सगळे खाली आले. पण वर्षातून एकदा ते चढून जातात, पडक्या घरात बसतात, जमिनीवर थोडी दारू शिंपडतात आणि खाली असलेल्यांना हाका मारतात. तिच्या पणजोबांची धाकटी बहीण तिथे आहे, रांगायच्या आधीच गेलेली. पणजोबा लहानपणी तिच्या वरच अंथरूण घालायचे, तिला एकटं वाटू नये म्हणून.

"लहान होती ना," सेलेप म्हणाली. "म्हणून मी आत घेतली. विचारायला पाहिजे होतं का?"

ओक्कुमच्या अंगावर आधी काटाच आला. आमच्याकडे जिवंतांचं घर आणि मेलेल्यांची जागा यांच्यामध्ये निदान अर्धा डोंगर तरी लागतो. घरात थडगं, म्हणजे काय बोलते ही पोर? मागे बूनिमनेही श्वास ओढलेला तिला ऐकू आला. तेवढ्यात सेलेपने काहीतरी केलं आणि पडद्यावरच्या घराचं छप्पर अलगद बाजूला झालं. आत खोली होती. ओक्कुमने आत कधी काही काढलंच नव्हतं, तिला तेवढं जमत नव्हतं. आता तिथे पिवळी, तुकतुकीत कागदी जमीन होती, आमच्या घरांत असते तशी. कुठून शोधून काढली होती कोण जाणे. आणि चुलीला लागून असलेल्या कोपऱ्यात, जमिनीच्या खाली, आग जिथून जाते त्या दगडांमध्ये, तिचे करडे ठिपके ठेवलेले होते. एकही कमी नव्हता. मधोमध एक लहानशी जागा मोकळी सोडून ते गोल मांडले होते.

"तुम्हीच म्हणाला होता," सेलेप म्हणाली, "घरातली सगळ्यात ऊबदार जागा ती."

ओक्कुम कितीतरी वेळ बघत राहिली. बाहेर चिमण्या गामच्या झाडात शिरत होत्या. सेलेपकडच्या घड्याळात मात्र हा तास अजून सरायचा होता.

"पुसलं नाहीस ना तू," ओक्कुम शेवटी म्हणाली.

"पुसायचं नाही असं ठरलंय ना, वुवु."

"हो. ठरलंय."

तिने बोट पुढे केलं, सवयीने ओठांपाशी नेलं, मग चोळीला पुसून कोरडं केलं. त्या मोकळ्या जागेवर ते टेकवून ठेवलं. काच थंडच असणार होती, तरी तिला ती गरम लागली. मग ती रडली, मोठ्याने, लाज न धरता, शाळेतल्या बाईंसमोर आणि परक्या मुलुखातल्या पोरीसमोर. आणि बूनिमने आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर काही टोमणा मारला नाही.

म्योंगबाई गेल्यावर तिने हातपाय धुतले. दिवस लसूण काढायचे, रात्रीसुद्धा खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत होत्या, तरी तिने भिंतीवरचं बटण दाबून जमीन तापवायला लावली. तांदूळ धुवून भात टाकला. लग्नातला पितळी वाडगा फळीवरून काढला, राख लावून घासला. भात वाफाळता असतानाच त्यात भरला, झाकण घातलं, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोपऱ्यात गोधडी अंथरून तिच्यात तो नीट गुंडाळून ठेवला.

बूनिम आपल्या घरून मुळ्याची किमची घेऊन आली. जुन्या सवयीने तिने पाय सरळ गोधडीखाली सारले आणि तिच्या अंगठ्याला काहीतरी टणक लागलं.

"एवढ्या उकाड्यात वाडगा? पोरगा येतोय का इंचनहून?"

"नाही," ओक्कुम म्हणाली. "पोरगी."

बूनिमने पाय काढून घेतले. मग वाकून गोधडीची वर आलेली कड खाली दाबली आणि चारी बाजूंनी सारखी केली.